'होणार' आणि 'होईन'

'मोठेपणी तू कोण होणार?' हा प्रश्न आपल्याकडे इतक्या लहान वयात विचारला जातो की, त्याच्या व्याकरणाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. 'होणार' हे रूप पुरुष वा लिंग बदलले तरी बदलत नाही: मी होणार, तू होणार, ती होणार. 'होईन' मात्र केवळ 'मी'लाच म्हणता येते. पहिल्यात ठरलेपणा आहे. दुसऱ्यात बोलणाऱ्याची इच्छा, तिच्यातील जोखीम आणि वचनाचा अंशही आहे. एम. ए.च्या वर्गात एकदा मी विद्यार्थ्यांना दहा वर्षांनंतरच्या स्वतःविषयी लिहावयास सांगितले. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एकाने सर्वत्र 'होणार' असेच लिहिले होते. कारण विचारता तो म्हणाला, "सर, 'होईन' लिहिलं की खात्री नसल्यासारखं वाटतं. घरी ते चालत नाही." तरुणपणी कल्पिलेल्या भावी 'मी'शी आपले नैतिक नाते कोणते, हा प्रश्न या उत्तरातून उभा राहतो. ते नाते वचनाचे असेल, तर ते वचन कोणी कोणाला दिलेले असते?

डेरेक पार्फिट यांनी 'रीझन्स अँड पर्सन्स' (१९८४) या ग्रंथात एकोणिसाव्या शतकातील एका रशियन उमरावपुत्राचे काल्पनिक उदाहरण घेतले आहे. काही वर्षांनी वारसाहक्काने मिळणारी जमीन शेतकऱ्यांना वाटून टाकण्याचा त्याचा निश्चय आहे. परंतु वयाबरोबर आपले आदर्श विरतील, ही शंकाही त्याला आहे. म्हणून तो दानपत्र करून ठेवतो. पत्नीच्या संमतीवाचून ते रद्द होऊ शकणार नाही, आणि पुढे मी स्वतः विनविले तरी संमती देऊ नकोस, असे वचन तो तिच्याकडून घेतो. आदर्श सोडणारा तो मनुष्य 'मी' नसेलच, अशी त्याची भूमिका आहे. येथे तरुणाने भावी 'मी'ला बोलण्यापूर्वीच गप्प केले आहे. याच्या उलट टोकाला, प्रौढ मनुष्य आपल्या जुन्या निश्चयांना 'कोवळ्या वयातले वेड' म्हणून निकालात काढतो, तेव्हा तो तरुण 'मी'ला गप्प करीत असतो. दोन्हीकडे एका आवाजाचा बळी जातो.

शिवाय या उदाहरणात एक गोष्ट गृहीत आहे: कल्पिलेले चित्र त्या तरुणाचे स्वतःचेच आहे. भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला' (१९६३) या कादंबरीने नेमके हेच गृहीतक संशयास्पद केले. पुण्यातील महाविद्यालयीन वर्षांनंतर पांडुरंग सांगवीकर पदवीविना गावी परततो आणि पंचविसाव्या वर्षी आपली कहाणी सांगतो. रूढ अर्थाने हे अपयश होय. परंतु जे भवितव्य वडिलांच्या पैशावर आणि शिक्षणसंस्थेच्या साच्यात घडविले जात होते, ते न साधणे हा वचनभंग म्हणता येईल काय? 'होईन' असे ज्याने कधी म्हटलेच नाही, त्याला 'झाला नाहीस' असा जाब विचारता येत नाही.

दया पवार यांच्या 'बलुतं' (१९७८) या आत्मकथनात या प्रश्नाला आणखी एक परिमाण लाभते. परंपरागत गावकामाच्या मोबदल्यात मिळणारा वाटा म्हणजे बलुते. ज्याच्या जन्माबरोबरच हे काम ठरून गेलेले असते, त्याला 'कोण होणार' असे विचारण्याची गरज गावाला भासत नाही. अशा ठिकाणी भावी 'मी'ची कल्पना करणे हीच मुळात एक नैतिक कृती ठरते. उमरावपुत्रापाशी देऊन टाकण्यासाठी जमीन होती. येथे कल्पनेखेरीज दुसरे भांडवल नाही. या पुस्तकाची निवेदनरचनाही लक्षणीय आहे. दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवार यांना सांगतो. म्हणजे 'झालेला' ऐकतो आणि ज्याच्यातून तो झाला, तो बोलतो. ही केवळ निवेदनाची युक्ती मानणे अपुरे होईल. उमरावपुत्राला न सुचलेला मार्ग तिच्यात आहे. येथे पूर्वीचा 'मी' नंतरच्या 'मी'ला बांधून ठेवीत नाही; तो फक्त ऐकून घेण्याचा हक्क मागतो.

तरुणपणीच्या कल्पनेचे आपण देणे लागतो ते एवढेच, असे मला वाटते. तिचे आज्ञापालन करण्यास आपण बांधलेले नाही. पण तिच्या प्रश्नाला उत्तर देण्यास बांधलेले आहोत. मात्र हे देणे निर्माण होण्यासाठी ती कल्पना प्रथम आपली असावी लागते. पद न मिळाल्यास माझा तो विद्यार्थी स्वतःला दोषी मानील, आणि मिळाल्यास त्याला प्रश्न विचारणारे आत कोणी उरलेले नसेल; मला भीती या दुसऱ्या शक्यतेची अधिक वाटते. त्याच्या कागदावर मी एकही 'होणार' खोडला नाही. तो अधिकार माझा नव्हता. समासात फक्त एवढेच लिहिले: 'यातले एक तरी वाक्य "होईन" असे लिहून पाहा. घरी दाखवू नका.'