वर्गणी भर आणि बैठकीला जा

चि. डॉक्टर भाचीस,


परवा फोनवर तू म्हणालीस, "मामा, असोसिएशनमध्ये जाऊन करायचं काय? दोन सत्कार, एक लेक्चर, मग जेवण. क्रेडिट पॉइंट तर घरबसल्या मिळतात." तेवढ्यात तुझा पेशंट आत आला आणि माझं बोलणं राहून गेलं. ते आता लिहून काढतो.

तुझ्या म्हणण्यात तथ्य आहे, हे आधीच कबूल करतो. आपल्या फॅमिली डॉक्टरांच्या संघटनांची मुखपत्रं उघडावीत तर शाल-श्रीफळाचे फोटो, नव्या कार्यकारिणीची यादी आणि क्रिकेटच्या सामन्याचा निकाल. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करायचं तर 30 क्रेडिट पॉइंट लागतात, तेवढ्यासाठीच सभागृहं भरतात. हजेरीच्या वहीत सही झाली की मागच्या रांगा रिकाम्या होतात, हेही मी पाहिलं आहे. पण या सगळ्याच्या आड एक काम चालतं, ते तुला अजून दिसलेलं नाही.

तू इंटर्नशिपला होतीस तेव्हा वॉर्डात शंका आली तर शेजारी कुणीतरी असायचं. रजिस्ट्रार असायचा, राउंडला सर यायचे. आता दवाखान्यात तू एकटी आहेस. दिवसभर माणसांच्या गराड्यात असतेस, पण त्यात आपल्या धंद्याचं माणूस एकही नसतं. तुझ्याकडे तापाचे आठ पेशंट आले, बाजारपेठेतल्या डॉक्टरकडे दहा आले, स्टँडमागच्या दवाखान्यात पाच आले, तर प्रत्येकाला वाटतं हवा बदलली. या तेवीस जणांची गोष्ट एकच आहे का, हे तिघं एकत्र बसल्याशिवाय कळायचं नाही. संघटना मला हवी वाटते ती यासाठी.

मुंबईत 1896 च्या सप्टेंबरात मांडवीत पेशंट तपासताना डॉ. अकासिओ व्हिएगस यांना ताप आणि गाठी दिसल्या आणि हा प्लेग आहे हे त्यांनी ओळखलं. मूळचे गोव्याचे, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले, आपल्यासारखाच दवाखाना चालवणारे. पण ते महापालिकेचे सदस्यही होते, म्हणून मांडवीतल्या खोल्यांमध्ये पाहिलेलं त्यांना तिथल्या समितीपुढे मांडता आलं. रोग ओळखणं आणि तो योग्य ठिकाणी बोलून दाखवणं, या दोन्ही गोष्टी त्यांनी केल्या. दुसरी गोष्ट करायला सगळ्यांनाच महापालिकेत निवडून येता येत नाही. आपल्याला ती जागा शाखेच्या बैठकीत मिळते.

आता आमच्या शाखेतला एक प्रसंग सांगतो. पावसाळा सरत आला होता. डोंगराकडच्या गावात प्रॅक्टिस करणारे एक ज्येष्ठ सदस्य बैठकीला आले होते. व्याख्यान संपल्यावर चहाच्या आधी त्यांनी पाच मिनिटं मागून घेतली. म्हणाले, माझ्याकडे गवत कापायला जाणाऱ्या बायका तापाने येताहेत. मलेरिया नाही, डेंगी नाही, विडालही नीट सांगत नाही, इंजेक्शनं देऊनही ताप हटत नाही. एकीला सून घेऊन आली होती, तिने सांगितलं की सासूच्या काखेत काहीतरी काळं आहे. पाहिलं तर सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली, कडेने लाल. दुखत नाही, खाजत नाही, म्हणून बाई स्वतःहून बोललीच नव्हती. स्क्रब टायफस. डॉक्सीसायक्लिन सुरू केली आणि दोन दिवसांत ताप उतरला.

सभागृहात क्षणभर कुणी बोललं नाही. मग एक जण म्हणाला, असाच एक पेशंट मी गेल्या आठवड्यात शहरात पाठवला. दुसरा म्हणाला, माझा तर कावीळ आणि धाप लागून आयसीयूत आहे. त्या महिन्यापासून आमच्या तालुक्यातले डॉक्टर तापाच्या पेशंटची काख, जांघ, कमरेची घडी पाहू लागले. बायकांना आडोसा मिळावा म्हणून तपासणीच्या टेबलाभोवती पडदे आले, नर्सला किंवा घरच्या बाईला आत बोलवायची सवय लागली. पुस्तकात हा रोग आम्ही सगळ्यांनीच वाचला होता. पण आपल्या गवतात, आपल्या पेशंटला तो होतो, हे सांगायला आपल्यातलाच डॉक्टर लागला. महागड्या हॉटेलातल्या चाळीस स्लाइडच्या व्याख्यानापेक्षा मला ही पाच मिनिटं मोलाची वाटतात.

हॉटेलचं निघालंच आहे तर सांगून टाकतो. बैठकीचा खर्च औषध कंपनीकडून घेऊ नये, या मताचा मी आहे. डॉक्टरांनी कंपन्यांच्या भेटवस्तू आणि पाहुणचार घेऊ नये असा नियम 2009 च्या डिसेंबरातच झाला. नियम बाजूला ठेवला तरी साधा हिशोब आहे. ज्याने जेवण दिलं त्याच्या गोळीबद्दल त्याच सभागृहात मोकळेपणाने बोलता येत नाही. शाळेचा हॉल, वर्गणीतला चहा आणि उपमा यात उत्तम बैठक होते. तुझ्या शाखेत कंपनीच्या पैशाने बैठका होत असतील तर जाणं टाळू नकोस. जा, आणि हा विषय वार्षिक सभेत मांड. तरुण सभासदाने मांडला तर तो जास्त ऐकला जातो, असा माझा अनुभव आहे.

बैठकीचा असाच उपयोग क्षयरोगाच्या बाबतीतही झाला. खाजगी डॉक्टरने टीबीचा प्रत्येक पेशंट सरकारला कळवणं 2012 पासून सक्तीचं आहे. सुरुवातीला आमच्यातल्या कित्येकांना ही कटकट वाटली. शाखेने तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना बैठकीला बोलावलं, थुंकीचा नमुना कुठे पाठवायचा, नोंद कुणाकडे द्यायची, पेशंटला पोषणाचे पैसे कसे मिळतात, हे समोरासमोर विचारून घेतलं, मग गाडी रुळावर आली. त्याच बैठकीत ठरलं की लांबलेल्या खोकल्याला लिव्होफ्लॉक्सासिनसारखी औषधं सहज लिहायची नाहीत. त्याने टीबीच्या पेशंटला चार दिवस बरं वाटतं आणि निदान महिनाभर मागे पडतं.

कोविडच्या वेळचं तुला माहीत आहे, तू तेव्हा शिकत होतीस. धारावीत 2020 च्या एप्रिलमध्ये तिथले खाजगी डॉक्टर पीपीई किट घालून महापालिकेच्या पथकांबरोबर गल्लीबोळांत फिरले. एकेकट्याने कुणी गेलं नसतं, आणि गेलं असतं तरी निभावलं नसतं. स्थानिक डॉक्टरांची संघटना होती म्हणून महापालिकेला बोलायला कुणीतरी समोर होतं. याच साथीत राज्यभर कितीतरी फॅमिली डॉक्टर गेले. सरकारने 50 लाखांचं विमाकवच जाहीर केलं होतं, पण खाजगी दवाखाना चालवणारा डॉक्टर त्यात बसतो की नाही, यासाठी घरच्यांना मुंबई उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. अशा वेळी मागे संघटना आहे की नाही, याला फार किंमत असते.

त्यावरून मुखपत्रातल्या श्रद्धांजलीचं सांगतो. तिथे चौकटीत फोटो असतो आणि खाली 'मनमिळाऊ स्वभाव' असे दोन शब्द. मला ते सलतं. चाळीस वर्षं एका गावात दवाखाना चालवलेला माणूस गेला, तर त्याने काय पाहिलं हे लिहायला हवं. घटसर्प आणि धनुर्वात त्याच्या गावातून कधी कमी झाले, घरची बाळंतपणं कधी थांबली, मधुमेहाचे पेशंट कधीपासून वाढले. हे कुठल्याही सरकारी अहवालात सापडणार नाही. तुझी भाषा चांगली आहे. दर महिन्याला एका ज्येष्ठ डॉक्टरकडे जाऊन बस, एक पान लिही, संपादक आनंदाने छापतील. माणूस जिवंत असताना लिहिलंस तर त्यालाही वाचायला मिळेल.

इंग्लंडमध्ये यॉर्कशायरच्या एका खोऱ्यात विल्यम पिकल्स नावाचे गावडॉक्टर होते. आपल्या गावांमध्ये कोणता संसर्ग कुणाला, कोणत्या दिवशी झाला, याचे तक्ते ते वर्षानुवर्षं ठेवत आले. कावीळ एका माणसाकडून दुसऱ्याकडे जायला किती दिवस लागतात, हे त्यांनी त्या नोंदींवरून दाखवलं. 1939 मध्ये त्यांचं पुस्तक निघालं आणि पुढे ब्रिटनमध्ये जनरल प्रॅक्टिशनर्सचं कॉलेज स्थापन झालं तेव्हा पहिले अध्यक्ष तेच झाले. त्यांच्याकडे प्रयोगशाळा नव्हती. खोऱ्यातल्या माणसांची ओळख होती आणि लिहून ठेवायची शिस्त होती. तुझ्याकडेही केसपेपर आहेतच.

फोनवर बोलता बोलता तू सहज सांगितलंस, की एकाच गल्लीतल्या तीन मुलांना कावीळ झाली आहे. माझं लक्ष तिथेच अडकलं आहे. तिघांची नावं, घरं, डोळे पिवळे दिसल्याची तारीख एका कागदावर मांड. कावीळ 'अ' प्रकारची असेल तर संसर्ग साधारण महिन्यापूर्वीचा, तेव्हा त्या गल्लीत नळाचं काय झालं होतं, रस्ता खोदला होता का, टँकर आला होता का, हे आयांना विचार. गल्लीत कुणी गरोदर असेल तर आधी तिच्याकडे लक्ष दे, 'ई' प्रकार निघाला तर तिच्या जिवाला धोका आहे. घरोघर पाणी उकळायला सांग.

मग हा कागद घेऊन येत्या बैठकीला जा. अध्यक्षांना आधी फोन करून पाच मिनिटं मागून घे, ते नाही म्हणणार नाहीत. आजूबाजूच्या दवाखान्यांत असे किती पेशंट आहेत ते विचार आणि प्रत्येक घर गावाच्या नकाशावर लाव. ठिपके एकाच जलवाहिनीवर येत असतील तर संघटनेच्या लेटरहेडवर पत्र तयार करा, चार-पाच जण मिळून पाणीपुरवठा विभागात द्या आणि पोच घ्या. एकट्या डॉक्टरचं पत्र टेबलावर पडून राहतं, शाखेच्या पत्राला उत्तर द्यावं लागतं. महिनाभराने काय झालं ते मुखपत्रात लिही, पाइप दुरुस्त झाला तरी आणि झाला नाही तरी.

वर्गणी किती आहे ते चिटणिसांना विचार. पहिल्या वर्षाची मी भरतो, पुढची तू.

तुझा,
मामा