जन्मतारीख आणि कामाची तारीख

जानेवारी लागला की चौकातले फ्लेक्स बदलतात. एका बाजूला भावी नगरसेवकाचा वाढदिवस, शेजारी त्याच हसऱ्या चेहऱ्यासह ३ जानेवारीचं सावित्रीबाई फुले यांना अभिवादन. दोघांनाही हार सारखाच!

सावित्रीबाईंची जयंती थाटात व्हावीच. पण १८३१ साली नायगावात जन्मलेल्या त्या मुलीचं मोठेपण त्या तारखेत नाही. ते १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा सुरू करण्यात आहे, १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करता करता जीव देण्यात आहे. जन्माला येण्यात कोणाचीच कर्तबगारी नसते. आपल्याकडे तर जन्मतारखेचाही भरवसा नाही. गुरुजींनी शाळेत नाव घालताना सरसकट १ जून लिहून टाकलेली माणसं घरोघरी आहेत. ऐन थंडीत जन्मलेली, पण कागदावर पावसाच्या तोंडाशी.

तारखेला अर्थ माणसं देतात, आणि तो बदलूही शकतात. १ जानेवारी १८१८ ला कोरेगाव भीमा इथे ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेची पेशव्यांच्या सैन्याशी लढाई झाली. नंतर कंपनी सरकारने तिथे स्तंभ उभारला तो स्वतःच्या पराक्रमासाठी. त्यावर कामी आलेल्या महार सैनिकांचीही नावं होती. १ जानेवारी १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले आणि पुढे त्या नावांचे वारसदार लाखोंनी येऊ लागले. स्तंभ तोच, पण आता तो कंपनीचा राहिलेला नाही.

म्हणून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातला मला सर्वांत आवडता दिवस ६ जानेवारी. १८३२ साली त्या दिवशी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ‘दर्पण’चा पहिला अंक काढला, मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारीशेजारी. पत्र १८४० मध्ये बंद पडलं, तरी महाराष्ट्र हा दिवस पत्रकार दिन म्हणून पाळतो. पाळला जातो तो एका कामाचा आरंभ. (वर्तमानपत्रांत उमेदवारी केलेल्या नाटककार विजय तेंडुलकरांचा जन्मही ६ जानेवारीचाच, १९२८ चा. हा निव्वळ योगायोग, पण झकास.)

प्रत्येक गावाला अशा तारखा असतात: पहिली शाळा कधी भरली, वाचनालय कधी उघडलं, नळाला पाणी कधी आलं. त्या ग्रामपंचायतीच्या दप्तरात आणि जुन्या इतिवृत्तांत सापडतील. गावच्या वाचनालयांनी यंदा त्या शोधून दर्शनी फळ्यावर लिहाव्यात. फ्लेक्सपेक्षा खडू स्वस्त पडतो.