वरच्या मजल्यावरची पावले

दिवाळीच्या दिवसांत शांततेविषयी लिहिणे म्हणजे लग्नाच्या पंगतीत उपासाचे महत्त्व सांगण्यासारखे आहे. हा अंक आपण हाती घ्याल तेव्हा खाली अंगणात मुले फटाके उडवीत असतील, शेजारच्या स्वयंपाकघरात चकल्या तळणे चालले असेल आणि वरच्या मजल्यावर पाहुण्यांची मुले धावत असतील. त्या आवाजांबद्दल माझी मुळीच तक्रार नाही. मला सांगायची आहे ती एका दुसऱ्याच आवाजाची आणि त्याहीपेक्षा त्या आवाजाबद्दल मी केलेल्या तक्रारीची हकीकत. ती सांगताना मला लाज वाटते. पण सणासाठी घर झाडायला काढले की माळ्यावरची अडगळही खाली काढावीच लागते.

आम्ही डोंबिवलीला राहतो. चार मजल्यांची इमारत, लिफ्ट नाही, आमचे बिऱ्हाड दुसऱ्या मजल्यावर. मी बालवर्गाची शिक्षिका. शालान्त परीक्षेपलीकडे माझे शिक्षण गेले नाही. शाळा सकाळची असते, दुपार-संध्याकाळ घरात जाते, आणि जेवणे आटोपली की साडेनऊ ते साडेअकरा हे दोन तास माझे स्वतःचे. माझ्या कादंबऱ्या, बऱ्यावाईट जशा आहेत तशा, त्या दोन तासांत लिहिल्या गेल्या आहेत.

चार वर्षांपूर्वी जानेवारीत आमच्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर, एक भाडेकरू कुटुंब आले आणि माझे ते दोन तास गेले. रात्री साडेदहाच्या सुमारास वर धावपळ सुरू होई. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत धप धप धप, मग काहीतरी घरंगळत जाई, मग हसणे, मग पुन्हा धप धप. तासभर हे चाले. मी लेखणी खाली ठेवी आणि छताकडे पाहत बसे. पाहून आवाज कमी होत नाही, हे कळत असूनही माणूस पाहतोच.

आवाजाला चेहरा नसला की आपण त्याला आपल्या मनातला चेहरा देतो. मी तर कादंबरी लिहिणारी. मी नुसता चेहराच नव्हे, सबंध स्वभाव दिला. लाडावलेला मुलगा, त्याला धाक न लावणारी बेफिकीर आई, दुसऱ्याचा विचार न करणारे घर. नऊ-दहा महिने मी या माणसांवर मनातल्या मनात चिडत होते. मधल्या जिन्याला अठरा पायऱ्या आहेत. त्या नऊ-दहा महिन्यांत मी त्या एकदाही चढले नाही.

चढले नाही, पण पत्र लिहिले. दिवाळी संपल्यावर सोसायटीच्या अध्यक्षांच्या नावाने दोन पानी पत्र लिहिले. दोनदा कच्चे केले, तिसऱ्यांदा पक्के. पत्र उत्तम उतरले. सोसायटीच्या सभेत ते वाचून दाखवण्यात आले तेव्हा लोकांनी माना डोलावल्या. “बाई, काय पत्र लिहिलंत!” असे दोघातिघांनी म्हटले, आणि मला बरे वाटले हे मी लपवीत नाही. सोसायटीने घरमालकांना कळवले. घरमालक दुसरीकडे राहत. भाड्याचा करार ११ महिन्यांचा होता आणि तो संपतच आला होता. “मला कटकट नको,” असे म्हणून त्यांनी तो पुढे वाढवला नाही. डिसेंबरात एका रविवारी दाराशी टेंपो लागला.

त्या दिवशी जिन्यात वरच्या बाईंची आणि माझी पहिली भेट झाली. हातात दोन पिशव्या, मागे पाच वर्षांचा मुलगा. मी बाजूला झाले. ती थांबली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, “बाई, तुमचं पत्र फार छान होतं म्हणे. मी मुंबईला दुकानात काम करते, घरी यायला साडेदहा होतात. हा दिवसभर आजीजवळ असतो, मी येईपर्यंत झोपत नाही. मग तासभर खेळतो आम्ही. तुम्ही एकदा वर येऊन सांगितलं असतंत, तर मी सतरंजी टाकली असती हो. आमच्याकडे दोन आहेत.”

ती टोमणा मारीत नव्हती. तिने टोमणा मारला असता तर मला उत्तर सुचले असते.

वर्षाच्या मध्येच शाळा बदललेले मूल म्हणजे काय, हे बालवर्गाच्या शिक्षिकेला कुणी सांगायला नको. पंधरा दिवस ते दाराशी उभे राहते, डबा उघडत नाही, दुसऱ्याच्या पाटीकडे बघत राहते. तो मुलगा ज्या कुठल्या शाळेत गेला असेल तिथल्या बाईंपुढे मी असे एक मूल उभे केले होते, आणि तेही दोन तास शांतता मिळावी म्हणून. शांतता मिळाली. पुढचे तीन महिने वरची जागा रिकामी होती. त्या तीन महिन्यांत मी एकही धड पान लिहिले नाही.

आता प्रश्न असा, की माझे चुकले काय? शांत झोप मागणे हा काही गुन्हा नव्हे. आपल्या देशात २००० सालापासून ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत. वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही त्यांनी घातलेली मर्यादा, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की शांतपणे जगणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. बोलण्याच्या स्वातंत्र्यात दुसऱ्याला ऐकायला भाग पाडण्याचे स्वातंत्र्य येत नाही. मांडवातल्या कर्ण्यापुढे सामान्य माणूस असहाय असतो. त्याच्यासाठी हे नियम हवेतच, आणि ते पाळले जात नाहीत ही खरी तक्रार आहे. पण या नियमांत पाच वर्षांच्या मुलाच्या पावलांचा उल्लेख नाही. तिथे कायद्याची हद्द संपते आणि आपली सुरू होते.

लहानपणी गिरगावातल्या चाळीत आमची एक खोली होती. तिथे शांतता ही वस्तूच नव्हती. पहाटे नळावर बादल्यांची आदळआपट, मग स्टोव्हची फरफर, रेडिओ, पाढे, भांडणे, भजने. पण प्रत्येक आवाजाला नाव होते. खोकला ऐकला की आई म्हणे, “आज अण्णांना झोप नाही.” पलीकडे भांडे पडले तर कुणाच्या हातून, तेही कळे. ओळखीच्या माणसाचा आवाज कानाला लागतो, मनाला लागत नाही. फ्लॅटमध्ये आलो आणि दारे बंद झाली. आवाज कमी झाले, पण जे उरले ते अनोळखी झाले.

मात्र चाळीचे गोडवे गाण्याचा माझा विचार नाही. आमच्यापासून दोन खोल्या सोडून एक गृहस्थ रात्री बायकोला मारीत. सगळ्या मजल्याला ऐकू येई. एकाही दाराची कडी निघत नसे. माझी आई, जी मुंगीलाही वळसा घालून जाई, ती उठून रेडिओ मोठा करी. आम्हा मुलांच्या कानांवर ते पडू नये म्हणून. सकाळी ती बाई नळावर आली की बायका तिला आपला नंबर देत, आणि कालच्या रात्रीचा विषय कुणी काढीत नसे. त्याला आम्ही समजूतदारपणा म्हणत होतो. तेव्हा नुसते सोसणे हा सद्गुण, असे मला म्हणवत नाही. काय सोसले, यावर ते अवलंबून आहे.

जर्मन तत्त्वज्ञ कांट याची एक हकीकत आहे. शेजाऱ्याचा कोंबडा आरवून त्याच्या चिंतनात व्यत्यय आणी. त्याने वाटेल ती किंमत देऊन तो कोंबडा विकत घ्यायची तयारी दाखवली. शेजारी देईना; कोंबड्याचा एका विद्वानाला त्रास कसा होतो, हेच त्याला उमजेना. अखेर कांटने घर बदलले. पुढे त्याने स्वतःचे घर घेतले, तर जवळच तुरुंग! कैद्यांच्या भजनांनी तो त्रासला आणि १७८४ साली त्याने नगरातल्या अधिकाऱ्याला तक्रारीचे पत्र लिहिले. दुसऱ्याच वर्षी त्याचा नीतिशास्त्रावरचा प्रसिद्ध ग्रंथ निघाला. त्याचे सूत्र असे, की जो नियम सर्वांनी पाळावा असे तुला म्हणता येईल, त्याच नियमाने तू वाग. कांटच्या पत्राचा न्याय मी करणार नाही. पण त्याचे सूत्र मी माझ्या पत्राला लावून पाहिले. डोक्यावरच्या आवाजासाठी प्रत्येकाने सोसायटीला पत्र लिहायचे, असा नियम केला तर काय होईल? तळमजला तेवढा भरलेला राहील.

हा विचार मनात आल्यावर मला एकदम सुचले, की आमच्याही पायांखाली कुणीतरी राहते. पहिल्या मजल्यावर रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आणि त्यांच्या पत्नी राहतात. त्यांना आम्ही काका-काकू म्हणतो. मी खाली गेले आणि विचारले, “काका, आमचा काही आवाज येतो का हो तुम्हाला?”

काका हसले. “तसा काही नाही. तुमची खुर्ची तेवढी. रात्री साडेअकराला मागे सरते. बाईंचं लिहून झालं, असं म्हणतो आणि आम्ही दिवा मालवतो.”

“केव्हापासून?”

“तुम्ही आलात तेव्हापासून. झाली की नऊ वर्षं.”

काकू आतून म्हणाल्या, “पहिलं वर्षभर दचकून उठायचे हे. मग सवय झाली.”

मी त्याच दिवशी सायकलच्या जुन्या ट्यूबचे चार तुकडे कापून खुर्चीच्या पायांना बांधले. पाच मिनिटांचे काम. नऊ वर्षांचा त्रास पाच मिनिटांत मिटण्याजोगा होता आणि तो मिटवणे फक्त माझ्या हातात होते. सिमेंटच्या स्लॅबची रीतच अशी, की बोललेला शब्द तो पुष्कळसा अडवतो, पण आदळलेले पाऊल आणि ओढलेली खुर्ची यांचा हादरा सरळ खाली पोचवतो. खालच्याने कानांत कापूस घालून काही साधत नाही. सतरंजी घालायची ती वर, आणि वरच्याला तर कळतच नसते. म्हणून सांगावे लागते.

काकांचे मौन माझ्या पत्रापेक्षा शतपटीने थोर होते, यात शंका नाही. त्यांनी माझ्या खुर्चीचे घड्याळ केले. मी त्या मुलाच्या पावलांचा खटला केला. तरीही काकांना मी नंतर म्हटले, की तुम्ही मला सांगायला हवे होते. नऊ वर्षे मी नकळत तुमची झोप मोडीत राहिले, आणि चांगले वागण्याची संधीच तुम्ही मला दिली नाहीत. ते म्हणाले, “सांगायला संकोच वाटतो हो.” खरेच आहे. पत्र लिहिणाऱ्यालाही संकोचच वाटत असतो. फक्त तो त्या संकोचाला शाई लावतो.

वर्गात मी रोज पाहते. “शांत बसा!” असे सबंध वर्गावर ओरडले तर गोंगाट क्षणभर दबतो आणि दुप्पट होऊन वर येतो. एकाजवळ जाऊन, त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याचे नाव घेतले, की तो थांबतो आणि त्याच्याबरोबर आणखी दोघे. वीस वर्षे जी गोष्ट मी शाळेत करीत आले, ती घरी अठरा पायऱ्यांवर मला आठवली नाही.

माझ्यापुरता मी हिशेब असा मांडला आहे. काही आवाज सोसावेत: तान्ह्याचे रडणे, आजाऱ्याचे कण्हणे, सणावाराची गडबड. काही आवाजांबद्दल बोलावे. पण आपण, आपल्या तोंडाने, समोरच्याच्या दारात उभे राहून. पत्र आणि पोलीस हे त्यानंतरचे, जो ऐकतच नाही त्याच्यासाठी. आणि काही आवाज असे असतात की ते आपल्याला त्रास देत नसले तरी सोसू नयेत. तिथे रेडिओ मोठा करण्याऐवजी आपल्या दाराची कडी काढावी.

वरच्या जागेत पुढे दुसरे कुटुंब आले. आल्यावर महिन्याभरातच रात्री अकराला मिक्सर चालू लागला. या वेळी मी जिना चढले. छाती धडधडत होती. परीक्षेलाही इतकी धडधडली नसेल. दार उघडणाऱ्या बाईंना म्हटले, “मी खालची. तुमचा मिक्सर मला ऐकू येतो. दहानंतर मी लिहायला बसते. तेवढं जमलं तर पाहा. आणि आमचा काही त्रास झाला तर मलाही सांगा.” त्या गोंधळल्या, थोड्या रागावल्याही असाव्यात; चहा काही विचारला नाही. पण मिक्सर आता बहुधा दहाच्या आत होतो. कधी अकरालाही होतो. तेव्हा मी लेखणी खाली ठेवते आणि म्हणते, आज त्यांना उशीर झाला.

जिना उतरताना मात्र अजून त्या दोन सतरंज्या आठवतात. ते कुटुंब कुठे गेले ते मला ठाऊक नाही. शोधायचा प्रयत्न केला, पत्ता मिळाला नाही. तो मुलगा आता नऊ वर्षांचा असेल. जिथे असेल तिथे त्याची आई साडेदहाला घरी येत असेल तर तो जागा असेल, आणि धावत असेल. खाली कोण राहते, कोण जाणे. त्या माणसाने एकदा वर जावे.