नम्रता कीं भीति?

"आम्ही अडाणी, आमच्यानें काय होणार?" हे उद्गार खेडोपाडींच्या मंडळ्यांत आम्हांस नेहमीं ऐकूं येतात. पुष्कळांस ती नम्रता वाटते. पण मोशेनेंही जड जिभेची सबब सांगितली होती. देवानें ती मान्य केली नाहीं.

लक्ष्मीबाई टिळकांस (१८६८–१९३६) बालपणीं शाळा लाभली नाहीं. लिहिणेंवाचणें त्या लग्नानंतर पतीकडून शिकल्या. १९१९ सालीं टिळक निवर्तल्यावर त्यांचें अपुरें 'ख्रिस्तायन' बाईंनीं पुरें केलें. १९३४ पासून 'स्मृतिचित्रें' प्रसिद्ध झालीं. त्या पंडिता झाल्या नाहींत. आपली साधी, घरगुती भाषाच त्यांनीं देवापुढें ठेविली, आणि तीच मराठीचें भूषण ठरली.

देवानें घातलेली मर्यादा निराळी व आपण भोंवतीं घातलेलें कुंपण निराळें. कोणतें कोणाचें, हें बसून कळत नाहीं. पाऊल टाकल्यावरच कळतें. "माझ्यानें होणार नाहीं" असें न करून पाहतां म्हणणारा स्वतःस नव्हे, तर देणाऱ्यासच उणा लेखतो. दाखल्यांतील दासानें धन जमिनींत पुरून सुरक्षित राखलें, तरी धनी संतोषला नाहीं.

म्हणून, प्रिय बंधुभगिनींनो, येत्या उपासनेंत प्रार्थना करण्यास कोणी सांगितलें, तर मागें सरूं नका. शब्द मोडके असले तरी चालतील.