वाकणे आणि मोडणे

घरी बिअर बनवण्याचा छंद अमेरिकेत पुष्कळांना आहे. उकळलेला माल्टचा रस थंड करण्यासाठी ते तांब्याच्या नळीचे वेटोळे हाताने वळवतात आणि त्यातून गार पाणी सोडतात. रिकामी नळी घाईने वाकवली की चेपते, पाणी अडते. म्हणून काहीजण तिच्यात आधी कोरडी वाळू ठासून भरतात, मग गोल भांड्याभोवती हळूहळू वळवतात.

क्षमा मागतानाही वाकावे लागते. तो कमीपणा आहे का? आतून रिकामा माणूस वाकताना चेपतो. मग त्याच्यातून प्रेम वाहत नाही. गेथशेमाने बागेत प्रभू येशू पित्याच्या इच्छेपुढे वाकला, पण मोडला नाही. तो प्रार्थनेने भरलेला होता. भावाशी अबोला असेल, तर आज आधी गुडघे टेकू या आणि मग त्याच्या दारी जाऊ या.