पंखा काढलेली गाडी

थंडीच्या दिवसांत पंचवटीतली पहाट दोन आवाजांनी उजाडते. एक देवळांच्या घंटांचा, दुसरा आडगाव नाक्याकडून येणारा, ट्रक सुरू झाल्याचा. रात्रभर उभ्या गाडीला सेल्फ मारला की पंखा मिनिटभर जोरात घोंघावतो, मग हळूहळू निवतो. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत पंख्याच्या मधोमध क्लच असतो, त्यात सिलिकॉनचं दाट तेल. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की क्लचवरची दुपदरी पट्टी वाट उघडते, तेल पसरतं आणि पंखा जोर धरतो. एरवी तो सैलच फिरतो.

जुन्या गाड्यांना ही सोय नव्हती. इंजिन फिरलं की पंखाही फिरायचा, गरज असो वा नसो. आणि पंखा ताकद खातो; त्याचा वेग दुप्पट झाला की ताकद आठपट लागते. म्हणून डिझेल वाचवायला थंडीत पाती उतरवून ठेवायची, असा हिशेब कुणी कुणी करत. आमच्या वाड्यातल्या ड्रायव्हरकाकांच्या गाडीचा पंखा मालकाने असाच काढायला लावला होता.

“काका, आता गाडी तापणार नाही?”

“पळत्या गाडीला समोरून वारा लागतो रे. ती कशाला तापतेय!”

ते खोटं नव्हतं. दिंडोरी रोडच्या मार्केट यार्डातून टोमॅटो-कोबी भरून निघायचं, रात्रीच्या गारव्यात इगतपुरी ओलांडायची, पुढे कसारा घाटाचा उतार. उतारावर इंजिनाला कष्टच नाहीत. मुंबईपर्यंत काटा हलायचा नाही. त्यामुळे थंडीत काढलेला पंखा होळी होऊन गेली तरी परत बसला नाही.

मग एकदा परतीचं भाडं लोखंडाचं मिळालं, आणि घाट लागला भर दुपारी. या डोंगरात रेल्वेलासुद्धा 37 ला 1 असा चढ आहे आणि गाडीला जास्तीची इंजिनं जोडावी लागतात. भरलेला ट्रक तिथे खालच्या गियरमध्ये माणसाच्या धावेने चढतो. त्यात वारा पश्चिमेचा, म्हणजे पाठीमागून. गाडी जेवढी पुढे सरकते तेवढाच वाराही सरकतो, आणि रेडिएटरसमोरची हवा जागच्या जागी उभी राहते. डिझेल मात्र इथेच सगळ्यात जास्त जळतं. त्या उष्णतेचा मोठा वाटा पाण्याने उचलायचा असतो. पाणी तो रेडिएटरपर्यंत आणतंही, पण तिथून पुढे न्यायला कुणी नसतं.

हे मला अजून सुटत नाही. फुकटचा वारा मिळतो तो पळणाऱ्याला. ओझं जड, चाल मंद, चढ अंगावर आलेला, अशा वेळी तो साथ सोडतो. तेव्हा लागणारा वारा स्वतःच ओढून घ्यावा लागतो, आणि तो ओढणारा पंखा सपाट रस्त्यावरच्या हिशेबात फालतू ठरलेला असतो.

काकांनी अनुभवाने बरंच सांभाळलं. उकळत्या रेडिएटरचं झाकण उघडलं नाही. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतलं नाही, नाहीतर बीडच तडकलं असतं. पण तोवर हेड वाकलं होतं, गॅसकेट गेली होती. डिझेल वाचलं मालकाचं. उन्हात रात्र होईपर्यंत घाटात उभे राहिले काका, आणि दुरुस्तीचा खर्चही त्यांच्याच पगारातून कापला गेला. हा अन्याय होता, असं मी आजही म्हणतो.

आज सकाळी नाक्यावर एक पोरगेला क्लीनर गाडी सुरू करण्याआधी पाणी बघत होता. मग त्याने आत हात घालून पंख्याचं पातं ढकललं. क्लच चांगला असेल तर गार पंखा हाताला थोडा जड लागतो. सोडल्यावर गरगरत राहिला, तर समजावं तेल गळालंय. पातं अर्धा फेरा फिरलं आणि थांबलं. त्याने मान हलवली आणि ड्रायव्हरला हाक मारली.