तात्पर्य आणि आसवे : बालसाहित्यातील बोधाविषयी

'बाळबोध' हा शब्द मराठी समीक्षेत आता केवळ दूषण म्हणून उरला आहे. एखाद्या कादंबरीला बाळबोध म्हटले की पुढे काही सांगावे लागत नाही. एकेकाळी मात्र तो स्पष्टतेचा निदर्शक होता. मोडीच्या वळणांतून सुटलेली, लेकरालाही लागेल अशी लिपी ती बाळबोध लिपी. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ मध्ये मुलांसाठी मासिक काढले तेव्हा त्याला 'बालबोध' हे नाव देताना संकोच वाटण्याचे काही कारण नव्हते. पुढे १९०६ मध्ये वासुदेव गोविंद आपटे यांनी आपल्या मासिकाचे नाव 'आनंद' असे ठेवले. या दोन नावांच्या दरम्यान मराठी बालसाहित्य बोधाकडून रंजनाकडे आणि पर्यायाने मुलाच्या मुक्ततेकडे वळले, असा इतिहास आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. कालक्रम म्हणून तो ठीक आहे. त्यात गृहीत धरलेला नैतिक निष्कर्ष मात्र तपासून घ्यायला हवा.

बालसाहित्याचे लेखन, संपादन, खरेदी आणि मूल्यमापन हे सारे प्रौढच करतात. ज्याच्या नावाने हा व्यवहार चालतो तो वाचक त्यात संमती देणारा पक्ष नसतो. जॅकलिन रोझ यांनी पीटर पॅनच्या निमित्ताने लिहिलेल्या ग्रंथात (१९८४) याच विषमतेवर बोट ठेवून मुलांसाठीच्या कथासाहित्याच्या अशक्यतेचा सिद्धान्त मांडला. ती चर्चा ज्ञानात्मक पातळीवर पुष्कळ झाली. माझा प्रश्न अधिक साधा आहे. ज्याला नकार देता येत नाही त्याचे मन वळवण्याचा अधिकार वापरताना लेखकाने कोणती मर्यादा पाळावी? 'बोध करूच नये' हे उत्तर येथे उपयोगाचे नाही, कारण मूल्यनिरपेक्ष गोष्ट अस्तित्वात नसते. प्रश्न उरतो तो बोधाच्या रीतीचा.

सदाशिव काशीनाथ छत्रे यांची इसापनीती १८२८ ची. त्याच वर्षी त्यांनी बर्क्विन या फ्रेंच लेखकाच्या मुलांसाठीच्या पुस्तकाचे इंग्रजीवरून केलेले भाषांतर 'बाळमित्र' या नावाने प्रसिद्ध झाले. मराठीतील छापील बालवाङ्मयाचा आरंभच असा परक्या उपदेशाच्या आयातीने झाला, हे आपले इतिहासकार काहीशा ओशाळेपणाने नोंदवतात. पण इसापनीतीच्या मराठी परंपरेतील एका साध्या गोष्टीकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. तेथे कथा संपते आणि मग 'तात्पर्य' येते. ते वेगळे असते, वेगळे दिसते. 'आता मी तुला शिकवतो आहे' असे लेखक उघडपणे सांगतो. परिणामी मुलाला ते वगळता येते, आणि मुले ते वगळतातच.

रुसोने 'एमिल'मध्ये (१७६२) ला फाँतेनच्या कावळा-कोल्ह्याच्या कथेवर आक्षेप घेतला तो याच मुद्द्यावर. त्याच्या मते मूल फसलेल्या कावळ्यापासून धडा घेत नाही. ते कोल्ह्याच्या बाजूने उभे राहते आणि स्तुतीने लोणी कसे उपटावे हेच शिकते. निरीक्षण अचूक आहे. रुसोला त्यात बोधकथेचे अपयश दिसले. मला त्यात तिची नीतिमत्ता दिसते. कथा आणि तात्पर्य यांच्यामध्ये एक फट राहते आणि त्या फटीत वाचक स्वतंत्र असतो. याच ग्रंथात रुसो शिक्षकाला जो सल्ला देतो तो मात्र अस्वस्थ करणारा आहे. मुलाला आपणच आपले स्वामी आहोत असे वाटू द्यावे, सूत्रे मात्र सदैव शिक्षकाच्या हाती असावीत. तात्पर्य काढून टाकल्यावर बोध नाहीसा होत नाही, तो अदृश्य होतो, याची ही जणू कबुलीच.

मराठीत ही अदृश्य रीत सर्वांत समर्थपणे वापरणारी कृती 'श्यामची आई' (१९३५) ही होय. ती मूलतः मुलांसाठी होती की नव्हती हा वाद येथे बाजूला ठेवू. पिढ्यान्‌पिढ्या ती मुलांच्या हाती दिली गेली, एवढे पुरे. श्यामच्या पोहण्याचा प्रसंग आठवावा. पाण्याला भिऊन लपून बसलेल्या मुलाला आई मारते आणि पोहायला धाडते. तो पोहून येतो. मग त्याच्या अंगावरचे वळ पाहून तिचे मन भरून येते; मुलाला कोणी भित्रा म्हणू नये म्हणून आपण मारले, हे ती त्याला सांगते. मार आणि माया येथे अशा गुंफल्या आहेत की वाचणाऱ्या मुलाला 'पण मारायला नको होते' असे वाटले, तरी ते म्हणायला जागा उरत नाही. तसे म्हणणे म्हणजे कृतघ्न होणे. शिवाय रात्रीमागून रात्र श्याम ही हकीकत आश्रमातील मित्रांना सांगतो आहे. त्यांच्या गहिवरातून वाचकाने कोठे व किती हेलावावे हेही संहितेतच ठरून जाते. तात्पर्याचे काम आसवांकडे आले आहे. तात्पर्य वगळता येत होते, आसवे कशी वगळणार?

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. माया हे काही मन वळवण्याचे तंत्र नव्हे. मूल जे जे मोलाचे शिकते ते मायेच्याच वाटेने शिकते, आणि कोरड्या तात्पर्याने कोणी सज्जन झाल्याचे ऐकिवात नाही. हा आक्षेप मला मान्य आहे, नव्हे, साने गुरुजींच्या गद्याचे सामर्थ्य मानणाऱ्या कोणालाही तो मान्य करावाच लागेल. परंतु प्रत्यक्ष घरातल्या आईशी मूल भांडू शकते, रुसू शकते, आणि दुसऱ्या दिवशी आईही बदलते. छापील आई बदलत नाही. घरातल्या मायेला मिळणारे उत्तर पुस्तकातल्या मायेला मिळत नाही, म्हणून दोहोंना एकच नैतिक मुभा देता येणार नाही. (हाच न्याय सरकारी पाठ्यपुस्तकांतील देशप्रेमाच्या धड्यांनाही लावावा लागेल, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

विंदा करंदीकरांच्या 'एटू लोकांचा देश'मध्ये (१९६३) या कोंडीतून सुटण्याची एक वाट दिसते. त्या उलट्यासुलट्या देशात वाचकाने अमुकच वाटून घ्यावे अशी सक्ती नाही. कोणाच्या बाजूने उभे राहावे हे ठरलेले नाही. प्रौढांच्या सुव्यवस्थेलाच हसण्याची मुभा तेथे मुलाला मिळते. पण विक्षिप्तपणाची ही वाट थोडक्याच विषयांना पुरते. मृत्यू, दारिद्र्य, जातीचा अपमान यांविषयी मुलाशी बोलायचे तर भावनेला हात घालावाच लागेल. तेथे कथेच्या आतच न हेलावणारा एखादा श्रोता, उलटा प्रश्न विचारणारी एखादी बहीण, न पटल्याने उठून जाणारे एखादे पात्र आहे का, हे समीक्षकाने शोधायला हवे. आपल्या बालसाहित्याच्या इतिहासग्रंथांत मासिकांची नावे, संपादक आणि वर्षे मिळतात. असा श्रोता कोणत्या अंकात, कोणत्या गोष्टीत प्रथम आला, ही नोंद अजून व्हायची आहे.